ट्रस्कांचा पहिला बाक

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यातल्या वेरा ट्रस्कची गोष्ट सांगायची आहे, आणि ती गालातल्या गालात हसत ऐकायची आहे.

वेरा सत्तरीची. देवावर जीव, प्रवचनावर त्याहून थोडा जास्तच. पण कान थकलेले. चर्चच्या मागच्या बाकावर तिला ‘आमेन’ तेवढं स्पष्ट ऐकू यायचं. पहिल्या बाकावर चार पिढ्या हिंकली मंडळी बसत आलेली. आता त्यांच्यातली मॉड एकटीच ऐसपैस बसायची. ‘सरक गं जरा’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण त्या गावात माणसं जागा मागत नाहीत, हक्क सिद्ध करतात.

म्हणून वेरानं कोर्टाचा दफ्तरखाना गाठला. इंग्रज राजाच्या अमलातली मृत्युपत्रं तीन आठवडे चाळल्यावर ओबद्या ट्रस्क सापडले. थोरल्याला शेत, बायकोला एक गाय आणि चुलीची पश्चिमेकडची बाजू, आणि धाकट्या नाथानला, म्हणजे वेराच्या थेट पूर्वजाला, चर्चमधला पहिला बाक, वंशपरंपरेनं! वेराचे डोळे भरून आले आणि वाचन तिथंच थांबलं.

रविवारी उपासनेनंतर सगळे बीन्स खायला बसले, तेव्हा तिनं नक्कल पाद्री व्हीलॉक यांच्या हाती दिली. मतलबाचं तेवढं वाचू का, असं त्यांनी विचारलं.

“सगळं वाचा,” वेरा मॉडकडे बघत म्हणाली. “एक शब्द गाळू नका.”

त्यांनी गाळला नाही. बाक नाथानचा खरा. पण बाकाच्या मालकानं दर रविवारी घंटा वाजवावी, आणि मध्येच कुठं आग लागली तर गाव जागं करता यावं म्हणून प्रवचन संपेपर्यंत मागच्या दारात दोर धरून उभं राहावं. एक रविवार चुकला, तर बाक बहिणीच्या वंशाला, नाथानच्या वंशातलं कुणी पुन्हा दोर धरेपर्यंत. बहीण दिली होती हिंकलींच्या घरात.

मॉडनं चमचा खाली ठेवला. “दोर जड आहे हो वेरा. तुझ्यानं नाही व्हायचं.”

“बघू की,” वेरा म्हणाली, आणि तिथंच अडकली.

तीन रविवार तिनं दोर ओढला. तिच्या नावाची पितळी पाटी लावलेला बाक पुढं रिकामा, आणि ती पूर्वीपेक्षाही मागं, दारातल्या वाऱ्यात. आता ‘आमेन’सुद्धा ऐकू येईना. चौथ्या रविवारी ती आपणहून मॉडकडे गेली.

“बाक गार पडलाय. बस जाऊन. मालकीण सांगतेय.”

मॉड जाऊन बसली. उपासना संपताच मात्र ती तडक मागं आली आणि वेराच्या कानाशी तोंड नेऊन अख्खं प्रवचन पुन्हा सांगू लागली. खणखणीत आवाजात, स्तोत्रं गाऊन, पाद्री चुकले तिथं दुरुस्त करून. कित्येक वर्षांत वेराला पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत प्रवचन ऐकू आलं. तेव्हापासून दर रविवारी हाच क्रम.

तेव्हा मंडळी, पुढच्या रांगेत बसून कधी देवाचं नाव ऐकलंत, तर दोघींपुरतं ऐकणाऱ्या त्या मॉड हिंकलीची आठवण ठेवा.