गाडी मेहुण्याची, लायसन्स आपलं

"भावाची गाडी दारात उभी आहे, जरा फिरवून आणा ना मला," बायको म्हणाली, आणि ड्रायव्हरसाहेब हो म्हणून बसले. एरवी ते बस चालवत. स्वभाव स्वप्नाळू, पण बसमध्ये तंद्री लागली की मागून कुणीतरी ओरडायचं. तरीही बस हाकताना एकदा वेगापायी आणि एकदा फोनवर बोलल्यामुळे पावती फाटली होतीच. (फोन बायकोचा होता, पण कायद्याला संसार नसतो.)

त्या दुपारी रस्ता रिकामा होता. झाडांच्या सावल्या काचेवरून अलगद सरकत होत्या, बायको शेजारी गुणगुणत होती. गाडी चाललीये की आपण तरंगतोय, हेच साहेबांना कळेना.

शिट्टी वाजली तेव्हा ते जमिनीवर आले.

"सिग्नल लाल होता," हवालदार म्हणाला.

"मला वाटलं, सूर्य मावळतोय."

"भर दुपारी?"

"अहो, पण ही घरची गाडी! बसशी हिचा काय संबंध?"

"गाडी कुणाची का असेना, लायसन्स तुमचंच ना? आधीचे दोन गुन्हे आहेत, हा तिसरा."

झालं! लायसन्स निलंबित. मॅनेजरने स्टिअरिंग काढून घेतलं आणि बस धुवायची नळी हातात दिली. नोकरी राहते की जाते, ते आता सुनावणीवर होतं.

"माझ्यामुळेच झालं हो सगळं," बायकोचे डोळे भरून आले.

"वेडी का तू? सिग्नल मी मोडला."

"हो, तेही खरंच," ती डोळे पुसत लगेच म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी तिने शर्टला कडक इस्त्री केली. "वेळेवर पोहोचा. आणि तिथल्या साहेबांना सूर्याचं काही सांगू नका!"

ते बसने निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीशी बसले होते. याच रस्त्यावरून इतकी वर्षं गेले, पण बाल्कनीतली ती पिवळी फुलं कधी दिसली नव्हती. न्हाव्याच्या आरशातून आभाळाचा एक तुकडा सरकत गेला. नवा ड्रायव्हर गाडी अशी मऊ हाकत होता, जणू पाळणाच. पापण्या जड झाल्या.

"उतरा, शेवटचा स्टॉप," कंडक्टरने खांदा हलवला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, झाली का सुनावणी?"

"झाली असेल," ते जांभई आवरत म्हणाले.