बिनसाखरेच्या कापीची परीक्षा

नवऱ्याच्या रक्तातली साखर पुन्हा वाढली आणि अंबुजाबाईंनी त्यांच्यावरच सरळ आळ घेतला. हे रोज फिरायला जातात ते देवासाठी नव्हे, देवळाशेजारच्या मिठाईवाल्यासाठी! तंजावूरच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या सूर्यनारायणरावांना नातीदेखत हे ऐकावं लागलं. त्यांच्या ते फार जिव्हारी लागलं.

नात नंदिता प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी आली होती. अल्डिहाइड आणि कीटोन तिला काही केल्या वेगळे ओळखता येईनात. रावांनी समजावलं, की कीटोन म्हणजे टाउन बसमध्ये दोघांच्या मधे चेपून बसलेला माणूस, त्याला हलता येत नाही. अल्डिहाइडच्या एका बाजूला नुसता हायड्रोजन, म्हणून ते चटकन ऑक्सिजन घेतं आणि बेनेडिक्टचं निळं द्रावण वीटकरी करून टाकतं. नंदिताने दोन नळ्या गरम पाण्यात धरल्या. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन हे कीटोन, त्याची निळीच राहिली; ग्लुकोज या साखरेत अल्डिहाइड असतं, तिची वीटकरी झाली.

ते पाहून रावांना अब्रू वाचवायची वाट सापडली. त्यांनी अंबुजाबाईंना बोलावून घेतलं आणि आपल्या कॉफीची, म्हणजे घरच्या बोलीतल्या कापीची, पसरट वाटी, तो डबरा, पुढे केला.

"माझ्या डबऱ्यातली बिनसाखरेची कापी घाल गं नव्या निळ्या नळीत. निळीच राहते की नाही, तुझ्या आजीलाही बघू दे."

नळी आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग चांगली वीटकरी.

रावांचा चेहरा पडला. मग आठवलं, कापीत अर्धं दूध होतं आणि दुधातली साखर हा रंग दाखवणारच! रागाच्या भरात पहिल्या वर्षाच्या पोरासारखी चूक झाली होती. ते सांगायला तोंड उघडणार, तोच अंबुजाबाई पुढे आल्या.

"मीच घालते," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "रोज एक चमचा. तुम्ही कडू पिताना तोंड वाकडं करता, ते मला बघवत नाही. आणि वर तुम्हालाच बोलले."

नंदिता पुस्तकातून वर बघत म्हणाली, "पण आजोबा, आपली घरातली साखर तर या टेस्टला दाद देतच नाही..."

"ते उद्या प्रॅक्टिकलला लिही," राव घाईघाईने म्हणाले. पोरगी पास होणार, याची त्यांना खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी खरोखरची बिनसाखरेची कापी समोर आली. अंबुजाबाई श्वास रोखून उभ्या होत्या. जन्मात एकाही प्रयोगाचा निकाल खोटा न लिहिलेल्या रावांनी शेवटच्या थेंबापर्यंत ती प्यायली आणि म्हणाले, "गोड आहे."