झाकण आपल्या दारी

वीरधवल बातमी आधी देतो आणि घटनेला नंतर सवडीनं घडू देतो, अशी चंद्राबाईंची त्याच्याविरुद्ध मूळ तक्रार होती. तो समोरच्याशी बोलताना मोबाईलकडं बघतो, 'काकी, बरं हाय का' असं विचारून उत्तराला थांबत नाही, या तक्रारी त्या मानानं किरकोळ.

वीरधवल 'चिंचपेठ दर्पण' चालवत असे. साताऱ्यातल्या चिंचपेठेच्या बाराही गल्ल्यांची खबर देणारा हा मोबाईलवरचा ग्रुप. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुणाचा वाढदिवस, कुणाचं कुत्रं हरवलं, सगळं त्यात येई. पेठ सेवा कक्षानं तर ठरावच केला होता, की यापुढं नागरिकांच्या तक्रारी दर्पणमध्ये वाचाव्यात आणि तिथंच निकाली काढाव्यात. यामुळं बराच वेळ वाचू लागला. कामाचा तर सगळाच वाचला.

तिसऱ्या गल्लीत चंद्राबाईंच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर गटाराचं चेंबर आहे. त्याचं झाकण पाण्याच्या टँकरखाली फुटलं आणि उभा माणूस छातीपर्यंत आत जाईल एवढं भोक रस्त्यात उघडं पडलं. दुसऱ्या कुणाच्या घरासमोर ते पडलं असतं, तर चंद्राबाईंनी येताजाता नुसत्या शिव्या घातल्या असत्या. पण त्यांच्या घरात त्यांचे मालक हवालदार नाथाजी होते. नाथाजींना फौजेतून येऊन तीस वर्षं झाली होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. रोज सकाळी सहाला ते दुधाची किटली घेऊन निघत आणि नाकासमोर चालत. वाटेत काही आलं म्हणून बाजूला व्हायचं, याला त्यांच्या पलटणीत माघार म्हणत.

चंद्राबाईंनी भोकात लिंबाची फांदी रोवली आणि वीरधवलला बोलावून बातमी लिहायला लावली. दुसऱ्याच दिवशी हातगाड्यावरून बिडाचं झाकण आलं. झाकणाला झेंडूचा हार होता. गाडा ओढणाऱ्या धुळा नावाच्या गड्यानं ते चेंबरवर बसवलं, कक्षाच्या माणसानं नारळ फोडला, वीरधवलनं फोटो काढला. चंद्राबाईंना भरून आलं. चार माणसं दारात आलीत, तर घोटभर चहा द्यावा म्हणून त्या आत गेल्या. कपबशा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा झाकण चौथ्या गल्लीत पोचलं होतं. तिथं दुसरा नारळ फुटल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. लिंबाची फांदीही गाड्यावाल्यांनी कचरा म्हणून नेली होती.

'तिसऱ्या गल्लीचा प्रश्न निकाली!' अशी बातमी तोवर दर्पणवर झळकली होती आणि तिला एकशे सत्तर अंगठे पडले होते. चंद्राबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. कागदावर अंगठा द्यायची लाज वाटते म्हणून लग्नानंतर एक अख्खा उन्हाळा पाटीवर सही गिरवलेली ही बाई. आता पेठेतले पदवीधर दिवसातून चाळीस वेळा अंगठा देताना बघून त्यांना आपला तो उन्हाळा फुकट गेला असं वाटलं.

त्या तडक सेवा कक्षात गेल्या. तिथं साक्षी मॅडम संगणकापुढं बसल्या होत्या.

"आज्जी, तुमची तक्रार निकाली दिसतेय," साक्षी मॅडम म्हणाल्या.

"आन् भोक उघडं दिसतंय."

"ते तुमच्याकडं. माझ्याकडं निकालीच दिसतंय."

"मग ते तुमचं मशीन आणून माझ्या दारात आडवं टाका. आमचं मालक त्याच्यावरनं चालत जातील."

साक्षी मॅडमना राग आला नाही. रागाचा तक्ता त्यांच्या संगणकात नव्हता. त्यांनी शांतपणे पुढची तरतूद वाचली. "झाकण बसवलेल्या जागी भोक असेल, तर ते झाकण बसवल्यानंतर खोदलेलं असणार. खोदाईची परवानगी घेतली होती का?"

"कुणी खोदलं?"

"तेच नोटिशीत विचारतील. आता भोक तुम्हीच दाखवताय, म्हणजे नाव तुमचंच घालावं लागेल."

अशा रीतीनं भोक मागं घेऊन चंद्राबाई घरी आल्या.

वीरधवलनं मात्र मध्यस्थी केली. तो मनाचा वाईट नव्हता. त्यानं खरी अडचण सांगितली: बारा गल्ल्यांना मिळून झाकण एकच आलं होतं. उरलेली अकरा मंजूर झाली होती आणि त्या मंजुरीची बातमीही होऊन गेली होती. त्यामुळं कुणावर अन्याय नको म्हणून कक्षानं 'झाकण आपल्या दारी' हा उपक्रम हाती घेतला. वेळापत्रक दर्पणवर आलं. तिसरी गल्ली, दर मंगळवारी, सकाळी दहा दहा ते दहा तीस. नागरिकांनी येणंजाणं शक्यतो याच वेळेत उरकावं. प्रत्येक फेरीला फोटो निघेल आणि प्रश्न त्या त्या आठवड्यापुरता पुन्हा निकाली निघेल.

पेठेला योजना आवडली. बायका गल्लीच्या वाराला ठेवणीतली लुगडी-साड्या काढू लागल्या. नवव्या गल्लीनं झाकणासाठी रांगोळी घातली, सहाव्या गल्लीनं ताशा लावला.

नाथाजींनीही वेळापत्रक मान्य केलं. "ऑर्डर हाय," ते म्हणाले. पण सोमवारी सकाळी दर्पणनं 'प्रश्न निकाली' ही जुनी बातमी आवाजासकट पुन्हा फिरवली. नाथाजींनी मोबाईल कानाला लावून ती दोनदा ऐकली आणि किटली उचलली.

"आवं, थांबा! भोक हाय तितं!"

"निकाली हाय," असं म्हणून नाथाजींनी पाऊल टाकलं.

चंद्राबाईंनी मागून त्यांचा कमरेचा पट्टा धरला, म्हणून माणूस वर राहिला. किटली आणि डाव्या पायातली चप्पल आत गेली. दुपारी दर्पणवर बातमी आली, 'तिसऱ्या गल्लीतून चप्पल बेपत्ता. वर्णन खालीलप्रमाणे.' त्या संध्याकाळी चंद्राबाईंनी हिशोब केला. चप्पल गेली होती. पुढच्या खेपेला चपलेतला माणूस जाणार होता, आणि त्याचंही वर्णन वीरधवलच लिहिणार होता.

मंगळवारी दहा दहाला झाकण आलं, बसलं, फोटो निघाला. दहा तीसला धुळा ते उचलायला वाकला, तेव्हा झाकणावर पाट होता, पाटावर चंद्राबाई होत्या आणि मांडीवर मेथीची जुडी.

"आज्जी, उठा की. चौथी गल्ली वाट बघतीया."

"बघू दे. मी मेथी निवडतीया."

मेथी झाल्यावर त्यांनी गवार घेतली. गवारीनंतर लसूण. त्या जेवायला-झोपायला उठत, तेव्हा झाकणावर दगडी जातं असे. बुधवारी सकाळी सहाला नाथाजी त्या झाकणावरून टाचा आपटत सरळ गेले, नवी किटली भरून सरळ परत आले. चंद्राबाईंनी दारात उभं राहून ती आठ पावलं मोजली. तेवढंच त्यांना हवं होतं.

दर्पणनं लिहिलं, 'झाकणावर अतिक्रमण! अकरा गल्ल्या विकासापासून वंचित!'

शुक्रवारी अकरा गल्ल्या मोर्चानं आल्या. पुढं नवव्या गल्लीच्या हरणाबाई होत्या.

"आवं चंद्राबाई, ही काय रीत झाली? आमचा बुधवार बुडवला तुमी! माधवनगरच्या पावण्यांना सांगून बसलो व्हतो, फोटू येनार म्हनून."

"हरणाबाई, तुमच्या गल्लीत भोक हाय का न्हाई?"

"हाय की! तुमच्यापरास मोठं हाय. गेल्या म्हैन्यात आमचा जावई पडला त्यात."

"मग जाऊन झाकण मागा की कक्षाला."

हरणाबाईंनी कीव आल्यासारखं बघितलं. "झाकण कशाला मागायचं? झाकण तर आलंय. तुमी बसलाय न्हवं त्याच्यावर!"

मागून घोषणा सुरू झाल्या, 'फोटो आमच्या हक्काचा!' झाकणाची घोषणा कुणालाच सुचली नाही.

एवढ्यात गर्दीतून वीरधवल आला. "काकी, पाचच मिनिटं उठा. लोकांच्या भावना हायत. फोटो झाला की झाकण परत बसवतो. माझा शब्द."

"च्या आणायला गेले, तवा तुजा शब्द चौथ्या गल्लीत नारळ फोडत व्हता."

"बरं, मग तुमच्यासकट फोटो घेतो. सगळे जरा आत या! काकी, झाकण आणि जनता एका फोटोत बसली पाहिजे." तो मोबाईलमध्ये बघत मागं सरकू लागला. जनता बरीच होती, त्यामुळं त्याला बरंच मागं जावं लागलं. त्याच्या पाठीमागं चौथ्या गल्लीच्या तोंडाशी तिचं चेंबर होतं.

"वीरधवल! मागं बघ रं!" चंद्राबाई ओरडल्या.

"काकी, चौथी गल्ली निकाली हाय," तो म्हणाला आणि त्यानं आणखी एक पाऊल मागं टाकलं.

तो छातीपर्यंत आत गेला. मोबाईल तेवढा त्यानं वरच धरला होता. "हात द्या! अरे, कुणी तरी हात द्या!" गर्दी धावली, भोकाभोवती उभी राहिली. दोनशेएक माणसं असतील. कुणी वरून फोटो काढला, कुणी बाजूनं. एकानं वीरधवलला जरा डावीकडं मान करायला सांगितली. ते सगळे फोटो दर्पणवर गेले आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या फोटोंना अंगठे दिले. वीरधवलच्या हातातला मोबाईल एकेका अंगठ्यासरशी वाजत होता. सेवा कक्षाला फोन लावला, तर साक्षी मॅडमना चौथी गल्ली निकाली दिसत होती. तुम्ही-आम्ही तिथं असतो, तर फोटोला कडेची जागासुद्धा मिळाली नसती.

"काकी!" वीरधवल गर्दीच्या पायांमधून हाका मारू लागला. "काकी, तुमी तरी या!"

चंद्राबाई पाटावरून अर्ध्या उठल्या. तेवढ्यात धुळाचा गाडा बोटभर पुढं सरकला, हरणाबाईंनी पदर सारखा केला आणि पाठीमागं दारात नाथाजींच्या किटलीचा आवाज झाला. चंद्राबाई पुन्हा खाली बसल्या. त्यांनी लसणाची एक पाकळी सोलली आणि गर्दीच्या पायांमधून त्याच्याकडं बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"वीरधवल, मी उठले की झाकण जाईल, आन् त्याच्यामागनं आमचं मालक जातील. तवा मी काय उठत न्हाई. ही दोनशे माणसं हायत तुज्या डोक्यावर, पर त्यातल्या एकाचाबी हात मोकळा न्हाई. तूच गुतवलाईस तो. आता रडू नगंस. हातात मोबाईल हाय न्हवं? मग बातमी टाक, 'वीरधवल सुखरूप भाईर निघाला' म्हनून. ही सगळी अंगठा देतील आन् जेवायला घरी जातील. भाईर तू मागनं सवडीनं ये."