पाचच्या आत

भाषांतरकाराला घाम फुटला होता. पाचच्या आत पुस्तक पोचलं नाही तर पुढचं काम दुसऱ्याला, असं प्रकाशकानं बजावलं होतं. आणि पुस्तक फोनच्या तारेतून मुंगीच्या पावलानं चाललं होतं.

कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं होतं मेव्हण्यानं. माउस फिरवणं त्याच्या लेखी पोरखेळ. हुकूम टाइप करायचा, मशीन ऐकतं, असं तो म्हणे. मशीन फक्त त्याचंच ऐकतं, हे मात्र सांगायला विसरला होता.

त्याला विचारावं तर घरात फोनची तार एकच, तीही मोडेमला. फोन करायचा तर इंटरनेट तोडायचं, आणि तोडलं की अर्धवट गेलेलं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून. तरी बिचाऱ्यानं तोडलं. मेव्हणा म्हणाला, आधी जोडा, मग स्क्रीनवर काय दिसतं ते सांगा. जोडलं, पाहिलं, तोडलं, सांगितलं. मग म्हणाला, मोडेमचा वेग बदलून बघा. बदलला, जोडलं, बघितलं, तोडलं. सगळी दुपार या जोडातोडीत गेली.

"अहो, तो इलाज करतोय की जीव घेतोय?" बायकोनं विचारलं.

"तुझाच भाऊ आहे."

"म्हणूनच विचारतेय."

शेवटी तीच शेजारणीकडे गेली, तिथून भावाला फोन लावला आणि त्याचे हुकूम भिंतीपलीकडून ओरडून सांगू लागली. आता तार तोडायची गरज नव्हती. तिसऱ्या हुकुमाला चोर सापडला. इंटरनेट जोडलं रे जोडलं, की कॉम्प्युटर गुपचूप एक अगडबंब फाइल उतरवायला घेत होता. ती कुणी लावून ठेवली होती? मेव्हण्यानंच, परवा जेवायला आला तेव्हा, इंटरनेटचा वेग वाढावा म्हणून. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. भाषांतरकार त्याला मनातल्या मनात काय काय बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फाइल थांबवली. पुस्तक सुसाट सुटलं आणि पाचच्या आत पोचलं. त्यानं इंटरनेट तोडलं, खुर्चीत अंग टाकलं, तोच फोन वाजला. प्रकाशक होता.

"मिळालं पुस्तक. वेळेत दिलंत."

"मग पुढचं काम?"

पुढच्या कामाचं आजच ठरवायचं होतं, प्रकाशक म्हणाला. त्यासाठीच दुपारपासून फोन लावत होता, पण सारखा एंगेज. शेवटी दिलं दुसऱ्याला.

भाषांतरकारानं विचारलं, "तो माझ्याइतकं चांगलं करेल?"

"छे हो," प्रकाशक म्हणाला. "पण त्याचा फोन लागतो."