आईसाठी उचललेली खुर्ची

या शहरात नाटक कुठे बघावं हे मला विचारा. मोठ्या नाट्यगृहांचं नाव माझ्यासमोर काढू नका. तिथे लोक नटाला बघायला जातात, नट स्वतःला बघायला जातो आणि नाटक बिचारं पार्किंगमध्ये जागा शोधत फिरतं. मी सांगतो त्या जागा वेगळ्या. सायकलच्या दुकानाचा पोटमाळा. बंद पडलेला छापखाना, जिथे मेलेला खलनायकसुद्धा शाईच्या वासाने शिंकतो. एका व्यायामशाळेत तर मी डंबेल्सच्या रांगेसमोर शोकांतिका पाहिली आहे. जिना चढतानाच नाटक कसं असेल ते मी सांगतो, अशी माझी ख्याती आहे. म्हणजे मीच ती पसरवली आहे.

म्हणून ताईचा फोन आला तेव्हा मी घाबरलो नाही. ताई माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावी असते. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती. दिवसभर टीव्हीसमोर बसायची आणि आतल्या माणसांशी बोलायची. मालिकेतल्या सुनेला ‘अगं मागे बघ’ म्हणून सावध करायची. बातम्या देणाऱ्याने नमस्कार केला की उलट नमस्कार करायची. माझ्या वाट्याला ‘जेवलास का’ आणि ‘दार लाव’ एवढंच. ताईने फोनवर निकालच देऊन टाकला. रविवारी येते, आईला कायमची घेऊन जाते, तुझ्याच्याने काही होत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, न्याल तिथे येईन. ते मला झोंबलं. जी बाई भाजी घेतानासुद्धा दुकानदाराला आपल्या मनासारखं वागायला लावायची, ती सामानासारखी बोलायला लागली होती.

मी ताईला म्हटलं, रविवारी ये खुशाल, पण शनिवारी मी आईला नाटकाला नेतोय. एका नाटकात तिला पहिल्यासारखी करून दाखवतो! यावर ताई हसली. ताई हसली की माझा कान तासभर गरम राहतो.

आमच्याकडे गाद्यांच्या एका कारखान्यावर खोली आहे. शनिवारी संध्याकाळी कारखाना बंद झाला की तिथे नाटक होतं. पडदा नाही, विंगा नाहीत, प्रेक्षक खाली गाद्यांच्या उरलेल्या तुकड्यांवर बसतात. दिग्दर्शकाला सगळे दाढी म्हणतात. दिवसा तो झेरॉक्सचं दुकान चालवतो, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या नकला काढून संध्याकाळी अस्सल काहीतरी करायला बघतो. त्याने मला आधीच समजावून ठेवलं होतं की नाटकात मुलगा घर सोडून चाललाय आणि त्याची आई शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. मौन हेच नाटक आहे, म्हणाला. मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला माझी मान फार सुरेख डोलते.

आम्ही पोचलो तेव्हा नऊ-दहा माणसं मांड्या घालून बसली होती. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या मोकळ्या जागेत एक टेबल होतं, त्यावर उघडी बॅग, शर्टांचा ढीग आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. आता, असल्या नाटकांना नेपथ्य नसतं हे मला पक्कं ठाऊक! कामगारांचा पसारा असणार, असं म्हणत मी खुर्ची उचलली, सगळ्यांच्या पुढे आणून ठेवली आणि आईला तिच्यात बसवलं. वर गाद्यांवरच्या मंडळींना ऐकवलंसुद्धा, की म्हाताऱ्या बाईला बसायला द्यावं हे तुमच्यापैकी एकालाही सुचू नये, लाज वाटली पाहिजे. कोणी हूं की चूं केलं नाही. त्यांना वाटलं, नाटक सुरू झालं.

दिवे मंद झाले आणि आईचं काम करणारी बाई आली. ही दातांच्या डॉक्टरकडे पेशंटची नावं पुकारते. आठवडाभर बोलते आणि शनिवारी मुकी होते. तिला सगळं नाटक त्या खुर्चीत बसून काढायचं होतं. ती ठरल्या जागी आली, ठरल्यासारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. खाली खुर्चीच नव्हती! बरं, बोलायची सोय नाही. ती त्या अवस्थेत माझ्या आईकडे बघत राहिली, आणि मी उसवलेल्या गादीतल्या कापसाकडे.

आई उठली. “बस गं बाई, तू बस. कंबर धरेल अशाने.”

मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला, खुर्ची पुढे नेऊन दिली आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकली. म्हणजे आता माझी आई नाटकाच्या मधोमध.

तेवढ्यात मुलगा आला. हा चष्म्याच्या दुकानात नोकरीला. त्याला एका घरात दोन आया दिसल्या. त्याने डोळे मिटून पुन्हा उघडले, तरी दोनच. पण पट्ठ्या डगमगला नाही, ठरल्याप्रमाणे बॅगेत शर्ट कोंबायला लागला. दाढीने त्याला बजावलं होतं की रागाने कोंब. माझे बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर, आणि त्यांची बॅग जन्मभर आईने भरली. तिच्यासमोर शर्ट कोंबणं म्हणजे सोनारासमोर पाटल्या पकडीने वाकवणं. तिने चार शर्ट सोसले. पाचवा त्याच्या हातातून काढून घेतला.

“कॉलर दुमडतेय. इकडे बघ. आधी बटणं लावायची.”

खोलीत हशा पिकला. दाढीने कोपऱ्यातून दोन्ही हात हलवून मला खुणा केल्या. त्यांचा अर्थ मी इथे लिहीत नाही. शेवटी त्याने दिवाच बंद केला. काळोख! आईने काळोखात सगळ्यांना सांगितलं, की वीज गेली आहे, जागचे हलू नका, पाय अडकेल. मग पिशवीतून मोबाईल काढला, त्याचा दिवा लावला आणि तो शर्टांच्या ढिगाला टेकवून उभा केला. ते बघून गाद्यांवरच्या एकेकाने आपापला मोबाईल वर धरला. खोली उजळली. नाटक बंद पाडायला निघालेल्या दाढीच्या हातात नुसतं बटण राहिलं.

मुलगा आता निमूट घड्या घालत होता. आई बघत होती. बॅग भरली, चेन ओढली. राहिलं त्याचं शेवटचं वाक्य आणि त्यानंतरची ती लांबलचक शांतता, जिच्यावर दाढीचा सगळा जीव होता.

“आई, येतो मी,” मुलगा खुर्चीतल्या बाईला म्हणाला.

बाई गप्प. खोली गप्प. मी मनात म्हटलं, सुटलो.

“उत्तर दे गं त्याला,” माझी आई म्हणाली. टीव्हीतल्या सुनेला ओरडताना लागतो तो आवाज नव्हता. हळू होता. “आमचं छत्रीवरून वाजलं होतं. परत विसरून आले कुठेतरी, म्हणून मी बोलत नव्हते त्यांच्याशी. दारातून म्हणाले, येतो. मी भांडी घासत होते. ऐकलं मी. ऐकलं आणि नळ मोठा सोडला.”

कोणाच्याही हातातला मोबाईल हलला नाही. बाबा काटे दुरुस्त करायला परगावी गेले आणि तिथल्या मुक्कामातच हृदय बंद पडून गेले, एवढं आम्हाला माहीत होतं. दारातली ही गोष्ट ना मला माहीत होती, ना ताईला. वर्षभर ती टीव्हीतल्या परक्या माणसाच्या नमस्काराला नमस्कार का करत होती, ते मला त्या गादीवर बसून कळलं.

खुर्चीतल्या बाईने दाढीकडे बघितलंसुद्धा नाही. ती मुलाला म्हणाली, “ये हं. पोचलास की फोन कर.” आणि तिला रडूच फुटलं. मुलगा बॅग घेऊन दारापर्यंत गेला. तिथे घुटमळला, परत आला आणि माझ्या आईसमोर उभा राहिला.

“काकू, येतो मी.”

आईने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

“ये,” ती म्हणाली. “सावकाश ये.”

टाळ्या वाजायला वेळ लागला, कारण लोकांना आधी मोबाईल खाली ठेवायचे होते आणि डोळे पुसायचे होते. मी तर तोंड लपवायला उशी शोधत होतो.

दाढी आला तो माझी गचांडी धरायलाच. माझ्या मौनाचा मुडदा पाडलास, इथपर्यंत तो पोचला होता, तेवढ्यात एका गृहस्थाने त्याचा हात हातात घेतला. प्रेक्षकांतून दुसरी आई उठवायची कल्पना अचाट आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दाढी क्षणभर स्तब्ध झाला. त्या संध्याकाळी त्याला मिळालेलं मौन तेवढंच. मग दाढीवरून हात फिरवत म्हणाला, हो, बरेच दिवस डोक्यात होती. असले बेशरम लोक नाटकात असतात म्हणून नाटक जगतं! खुर्ची कोणी उचलली हा विषय निघू नये, असंच मलाही वाटत होतं.

रविवारी ताई आली, आईचं सामान न्यायला दोन रिकाम्या बॅगा घेऊन. आईने तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. आत बराच वेळ नळसुद्धा वाजला नाही. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजले होते आणि ताई जुन्या चादरीतून उशीचा अभ्रा कापायला बसली, कारण त्या दातांच्या डॉक्टरकडच्या बाईच्या पाठीला खुर्ची टोचते म्हणे. आईने आपलं जाणं स्वतःच ठरवलं होतं. चार दिवस येते तुझ्याकडे, पण शनिवारच्या आत मला परत आणून सोड. ताईने माझ्याकडे बघितलं. या वेळी हसली नाही.

आता दर शनिवारी आई बसने त्या कारखान्यावर जाते. संवाद पाठ कर म्हटलं की रागावते. जे वाटेल ते बोलेन, नाहीतर येणार नाही, असं तिने दाढीला सुनावलंय. खोली भरायला लागली आहे. दाढीने मला मात्र प्रवेश बंद केलाय. मी भांडायला गेलो, तर म्हणाला, अट माझी नाही, काकूंची आहे. मी आईला जाब विचारला.

“अरे, तू समोर असलास की मला अवघडतं,” ती म्हणाली. “पोटच्या मुलासमोर माणूस मोकळं कसं बोलणार?”

तेव्हा या शहरातल्या नाटकांचा मी एवढा जाणकार, हल्ली बंद दाराबाहेर जिन्यात, लोकांच्या चपलांशेजारी बसतो. आत हशा झाला की आई काय म्हणाली असेल याचा अंदाज बांधतो, आणि उतरताना तिला विचारतो. अजून एकदाही बरोबर आलेला नाही.