हाताला की बुडाला

गाडी चालताना थरथरते अशी कुणी तक्रार केली, की आमच्या आळीतले भाई मयेकर आधी एकच प्रश्न विचारतात, "हाताला लागते की बुडाला?" समोर कोण आहे ते बघत नाहीत. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी भर रस्त्यात हे विचारलं. मी बाईंच्याच हाताखालची मास्तरीण, त्यामुळे हसायला घरात पळाले. बाई लालबुंद. भाईंना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. थरथर स्टिअरिंगला, म्हणजे हाताला लागली तर दोष पुढच्या चाकांत, सीटला लागली तर मागच्या. सीटला आपलं काय टेकतं ते त्यांनी सरळ सांगितलं, एवढंच.

उत्तर काहीही आलं तरी तपासणी व्हायचीच. भाई चपला काढून ड्रायव्हरशेजारी बसणार, खालची मॅट बाजूला सारून दोन्ही पावलं टेकवणार आणि डोळे मिटणार. "साठवर ने. आता ब्रेक लाव हळूच." ब्रेक लावल्यावरच थरथरली तर ब्रेकची डिस्क वाकडी, एरवीही थरथरली तर चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं. जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. तिथे म्हणे कानाच्या आधी तळपायाला कळतं. कुणी शंका काढली की म्हणतात, "मला नको, पायाला विचार."

आणि खोटं बोलायचं नाही, हा एक भलताच रोग. शेजारच्या नंदूने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, चहा झाला, सौदा ठरत आला, तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून भाई म्हणाले, "पुढच्या डाव्या टायरला टेंगूळ आलंय हो. हाताला लागते." गिऱ्हाईक चहाचा कप ठेवून गेलं. नंदू कितीतरी दिवस भाईंशी बोलला नाही. "नाय बोलला तर नाय बोलला," भाई म्हणाले. "त्या माणसाची पोरंबाळं बसणार ना त्यात."

गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नाही. घरची गाडी त्यांची बायको, माई चालवायच्या. भाई बोटीवर असताना त्या शिकल्या. भाई सुट्टीवर यायचे तेव्हा माई गाडी घेऊन स्टेशनवर हजर, आणि येताना भाई शेजारच्या सीटवर, चपला काढून. "ही चालवते ना, पायाला कळत पण नाय." बायकोचं एवढंच कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

गेल्या वर्षी माई गेल्या. तेव्हापासून गाडी पडवीच्या बाजूला पत्र्याखाली उभी. भाई रोज पुसतात, इंजिन चालू करून ऐकतात, बंद करतात, चावी खुंटीला लावतात. पुण्याची मुलगी म्हणाली, "बाबा, चालवणारं कोणी नाही, विकून टाका." तिचं काही चूक नव्हतं, त्यामुळे भाईंना नाही म्हणता येईना. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार असं ठरलं.

शनिवारी सकाळी भाई माझ्या दारात. "बाय, भाट्याच्या पुलापलीकडे एक फेरी मारूया गो. देण्याआधी कशी चालते ती बघू."

आळीत चांगले चालवणारे पुष्कळ आहेत. मी गाडी मागे घेताना देवाचं नाव घेते. मग मलाच का, ते आत बसल्यावर कळलं. माझी उंची बेताची. कुणाच्याही गाडीत बसले की आधी सीट पुढे ओढावी लागते. सवयीने खाली हात घातला, तर सीट मला हवी तिथेच होती. माई माझ्याएवढ्याच होत्या.

भाई दार धरून उभे. "सीट हलवायला नाय ना लागली?"

"नाही, भाई."

तेव्हा कुठे चपला काढून शेजारी बसले.

पूल ओलांडून जरा वेग दिला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. "हाताला लागते," मी म्हटलं.

"लागणारच. उभी राहून राहून टायर बसलेत एका बाजूला. चालवलीस, गरम झाले, की होतील गोल. चल पुढे."

सुरूचं बन मागे पडलं. पावसच्या रस्त्याने बरंच पुढे गेलो. थरथर कमी होत गेली, आणि परत फिरलो तेव्हा स्टिअरिंग अगदी शांत होतं. भाईंचे डोळे मिटलेले.

"हाताला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बुडाला?"

"काहीच नाही, भाई."

"माझ्या पण पायाला काय लागत नाय." मग डोळे न उघडता, "अशीच चालवायची ती. फार आठवण येते गो."

पुलावर मी उगीचच गाडी हळू केली.

घरी आल्यावर मी चावी पुढे केली. भाई ती हातात घोळवत उभे राहिले.

"उद्या तो माणूस तुला विचारील. तूच चालवलीस ना आज. त्याला सांग, स्टिअरिंग थरथरतं."

ज्याने नंदूचा सौदा मोडला तो हा माणूस.

"हाताला सांगू की बुडाला?" मी विचारलं.

भाईंनी चावी खुंटीला लावली. "दोन्हीला सांग," म्हणाले.