पेटलेला बोंबील आणि परब सर

परब सर प्रोजेक्टरला 'अहो' म्हणतात.

आम्ही माणसं मात्र सगळी 'अरे' नाहीतर 'अगं'. मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्या दिवसापासून 'काय गं कदम'च आहे. पण लॅपटॉपला अहो, आणि प्रिंटरला तर चक्क 'अहो साहेब'. "अहो साहेब, दोनच पानं आहेत, काढून द्या ना," असं ते प्रिंटरच्या कानाशी, म्हणजे जिथे कागद अडकतो तिथे, वाकून सांगत असताना मी स्वतः पाहिलंय. एकदा न राहवून विचारलं, "सर, हे काय?"

"मशीनला मान दिला की मशीन काम करतं," सर म्हणाले. "माणसाला मान दिला की तो आधी खुर्ची मागतो."

आमची शाळा अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे. मी चित्रकला शिकवते, सर इतिहास. वय पंचावन्न, खिशाला तीन पेनं आणि त्यांच्या रांगेत चौथा पेनड्राइव्ह. मध्यंतरी एका देणगीदाराने शाळेला टॅब दिले, सातवीच्या एका वर्गाला पुरतील एवढे. आमच्या मुख्याध्यापिका देसाई बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, "डिजिटल वर्गाची जबाबदारी कोण घेणार?" सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात बघितलं. मीही बघितलं. सरांचा चहा संपला होता, म्हणून की काय, त्यांनी हात वर केला.

"नवीन गोष्टीला घाबरायचं नाय. आधी ओळख करून घ्यायची." हे त्यांचं वाक्य आम्ही त्यानंतर रोज ऐकलं.

पहिली ओळख झाली ती फोनशी बोलून टाइप करण्याची. सरांनी वाकोल्याला घरी, खिडकीत बसून फोनला सहामाहीची प्रश्नपत्रिका सांगितली. फोनने ऐकू आलं तसं लिहिलं. सरांनी ते परत वाचून बघितलं नाही, कारण "त्यांनी एवढं लिहून दिलं, लगेच अविश्वास कसा दाखवायचा?" त्यामुळे सातवीच्या मुलांसमोर जो पेपर आला त्यात प्रश्न पहिला होता, 'गाळलेला चहा भरा.' प्रश्न दुसरा, 'जोडे लावा.' आणि तिसऱ्या प्रश्नात मराठ्यांच्या आरमाराची माहिती विचारता विचारता मध्येच, 'अर्धा किलो भेंडी दे, कोवळी बघून.' खाली भाजीवाला आला होता.

एका मुलाने उत्तर लिहिलं होतं, 'चहा भरता येत नाही, कारण गाळणी मिळाली नाही.' सरांनी त्याला एक मार्क दिला. मी हसायला लागले तर म्हणाले, "हसतेस काय? त्याने कारण दिलंय. बाकीचे 'कारणे द्या' सांगून पण देत नाहीत."

मग क्यूआर कोड. तो सरांनी आधी नकाशांवर चिकटवला, मग फळ्यावर, मग जिन्यात, आणि शेवटी स्टाफरूममधल्या माठावर. फोन धरला की सरांचा आवाज यायचा, "पाणी उकळलेलं आहे." पीटीच्या सरांना तहान लागली की ते हल्ली आधी फोन शोधतात.

पण सरांची खरी गट्टी जमली ती शुक्रवारच्या प्रश्नमंजुषेशी. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब. पडद्यावर प्रश्न आला की टॅबवर उत्तर दाबायचं, आणि शेवटी पडद्यावर क्रमवारी. नाव मात्र प्रत्येकाने आपलं आपण ठेवायचं, हवं ते. मुलांना एवढी सूट दिल्यावर काय होणार! सर ती नावं बातम्या वाचल्यासारखी वाचायचे. "अंधेरीचा वाघ, अठरावा. वाघा, लाज वाटू दे रे. झोपलेला कुंभकर्ण, पाचवा. झोपेत पण बरा आहेस. आणि पहिल्या क्रमांकावर..." इथे सर चष्मा काढून पुसायचे, "पेटलेला बोंबील!"

वर्गात टाळ्या. शिट्ट्या. "कोण रे हा बोंबील?" सर विचारायचे. कोणी उठायचं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी परत बोंबील. तिसऱ्या, चौथ्या शुक्रवारी बोंबीलच. वर्गात सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. "तूच ना?" "आईशप्पथ मी नाय." हुशार म्हणून नावाजलेली दोन मुलं तर आपण बोंबील नाही म्हणून उदास झाली होती. स्टाफरूममध्येही तोच विषय. सर गंभीरपणे म्हणायचे, "इतिहासात पुरावा लागतो. मिळेल, मिळेल." आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा चष्मा पुसायचे.

मग संस्थेचे विश्वस्त डिजिटल वर्ग बघायला येणार असं ठरलं. त्यांना आवडलं तर आणखी टॅब मिळणार होते, आणि सरांना 'उपक्रमशील शिक्षक' असं प्रमाणपत्र. सर नवीन शर्ट घालून आले. घडी मोडताना एक टाचणी मानेशी राहिली होती, ती मीच काढली.

हॉलमध्ये सातवीचा वर्ग मांडला. सरांनी प्रोजेक्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. सगळं झकास चाललं. नेटही गेलं नाही. दहा प्रश्न झाले, क्रमवारी लागली, आणि वर, ठळक अक्षरात, 'पेटलेला बोंबील'.

विश्वस्त खूश झाले. "अरे वा! ये बाळा, पुढे ये. माइकवर दोन शब्द बोल."

कोणी हललं नाही.

"कोण आहे? लगेच उभं राहा," देसाई बाई म्हणाल्या. तरी कोणी नाही. "परब सर, टॅबला नंबर आहेत ना? बघा बरं कोणाकडे आहे."

मी भिंतीशी उभी होते. तिसऱ्या रांगेत मला तन्वी दिसली. ती यंदाच जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आली होती. बोलताना अडखळते. पहिल्या दिवशी हजेरीला 'हजर' म्हणताना तिचा 'ह' सुटेना, आणि वर्ग हसला. तेव्हापासून ती फक्त हात वर करते. माझ्या तासालासुद्धा तिचा आवाज मी ऐकला नव्हता. आता तिने टॅब छातीशी उलटा दाबून धरला होता आणि तिचे कान लालभडक झाले होते.

सरांनी माइक उचलला.

"मीच तो."

"म्हणजे?" विश्वस्तांनी विचारलं.

"पेटलेला बोंबील मी आहे, साहेब. खिशातल्या फोनवरून खेळतो."

"पण प्रश्न तुम्हीच काढता ना?"

"हो."

"आणि उत्तरं पण तुम्हीच देता?"

"हो," सर म्हणाले. "तरी दोन चुकले."

हॉलमध्ये हशा पिकला. मुलं बाकांवर डोकी आपटून हसत होती. पीटीचे सर बाहेर पळाले. विश्वस्तांनी घड्याळात बघितलं. देसाई बाईंनी ते प्रमाणपत्र हळूच परत फाइलमध्ये सरकवलं आणि टॅब दोन आठवडे कपाटात गेले. आणखी टॅबचं नाव कोणी काढलं नाही. वाट लागली, दुसरं काय! दुसऱ्या दिवसापासून जिन्यात मागून आवाज यायला लागला, "ओ बोंबील!" सर मान वळवून म्हणायचे, "काय रे?" आणि पुढे जायचे.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी त्यांना बस स्टॉपवर गाठलं.

"सर, तुम्हाला कधी कळलं होतं?"

त्यांनी आधी मी काय विचारतेय ते कळलंच नाही असं दाखवलं. मग म्हणाले, "पहिल्याच शुक्रवारी. टॅब मीच वाटतो ना."

"मग इतके शुक्रवार वर्गाला 'कोण रे बोंबील' विचारत होतात, ते?"

"तिला बरं वाटत होतं गं. सगळा वर्ग तिचं नाव घेत होता."

बस येतेय का ते बघत सर पुढे बोलले. "मी सहावीत गावाहून वाकोल्याला मामाकडे आलो. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, वही का नाही आणली. मी म्हटलं, 'माका कोणी सांगूक नाय.' वर्ग हसला. बाई पण हसल्या. मग मी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही."

"बाप रे. दिवाळीपर्यंत?"

"पुढच्या वर्षीच्या."

"आणि आता मुलं तुम्हाला हसतात ते?"

"हसू दे. आता हसण्याचा पगार मिळतो मला."

रस्त्यापलीकडे तन्वी आईबरोबर उभी होती. आईच्या हातात भाजीची पिशवी, तन्वीच्या पाठीवर दप्तर. ती आईला काहीतरी सांगत होती, हातवारे करून. मध्येच अडकत होती, पाय आपटत होती, पुन्हा सुरू करत होती. आई पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकत होती. गाड्यांच्या आवाजात आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता.

सरांची बस आली. दार समोरच उघडलं.

"सर, बस."

"थांब गं," सर म्हणाले. "तिचं बोलून होऊ दे."